‘धरून देणे’ म्हणजे नेमके काय?

बायबलच्या नव्या करारात मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २४व्या अध्यायातील १०वे वचन अवघ्या एका वाक्याचे आहे. जेरुसलेमजवळच्या जैतुनाच्या डोंगरावर येशू शिष्यांना पुढील काळाची कल्पना देत आहे. बाहेरच्यांकडून छळ होईल, हे आधीच्या वचनात सांगून झाले आहे. दहाव्या वचनात तो त्याहून कठीण गोष्ट सांगतो : छळ सुरू झाला की आपल्यातलेच अनेक जण डगमगतील, एकमेकांना पकडून देतील आणि एकमेकांचा द्वेष करू लागतील.

तीन क्रियापदे, तीन पायऱ्या

या वचनातील तीन क्रियापदांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिले क्रियापद अडखळण्याचे. मूळ ग्रीक शब्द सापळ्याशी संबंधित असून आज आपण सर्रास वापरतो तो ‘स्कँडल’ हा शब्द त्याच कुळातला आहे. दुसरे ‘धरून देणे’, म्हणजे माणसाला दुसऱ्याच्या हाती सोपवणे. यहूदाने येशूला पकडून दिले, तेथेही ग्रीकमध्ये हेच क्रियापद येते. तिसरी पायरी द्वेषाची. थोडक्यात, आधी भीती, मग फितुरी आणि शेवटी द्वेष. ज्याला धरून दिले, त्याच्याविषयी मनात द्वेष बाळगला की स्वतःचे कृत्य समर्थनीय वाटू लागते.

इतिहासातील पडताळा

हे केवळ कल्पनेतले चित्र नव्हते. इ. स. ६४मध्ये रोम शहराला लागलेल्या आगीनंतर सम्राट नीरोने ख्रिस्ती लोकांना दोषी ठरवले. आधी काहींना पकडण्यात आले आणि त्यांनी दिलेल्या माहितीवरून पुढे मोठ्या संख्येने लोक सापडले, असे रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदवले आहे. इ. स. ११२च्या सुमारास प्रांताधिकारी प्लिनीकडे तर ख्रिस्ती लोकांच्या नावांची निनावी यादीच आली. त्याने सम्राट ट्राजनला पत्र लिहून सल्ला विचारला. ख्रिस्ती असणे शिक्षापात्रच राहील, मात्र निनावी तक्रारींना थारा देऊ नये, असे उत्तर त्याला मिळाले.

इ. स. ३०३मध्ये सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती धर्मग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला. जीव वाचवण्यासाठी काही धर्मगुरूंनी ग्रंथ अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले. त्यांना लॅटिनमध्ये ‘त्रादितोर’, म्हणजे सोपवून देणारे, म्हटले जाऊ लागले. इंग्रजीतील ‘ट्रेटर’ हा शब्द त्याच धातूपासून आला आहे.

फितुरांचे काय करायचे?

छळ थांबला, तरी प्रश्न उरलाच. उत्तर आफ्रिकेतील डोनेटिस्ट पंथाने ग्रंथ सोपवणाऱ्यांनी केलेले धर्मविधी अमान्य ठरवले आणि चर्चमध्ये उभी फूट पडली. इ. स. ३१४च्या आर्ल येथील धर्मसभेने मध्यम मार्ग काढला. सरकारी दप्तरावरून दोष सिद्ध झाला तर त्या धर्मगुरूला पदावरून दूर करावे. मात्र त्याने इतरांना दिलेली दीक्षा वैध मानावी, असे ठरले. तोंडी आरोप पुरेसा मानला गेला नाही. खोटे आरोप करणाऱ्यांनाही शिक्षा ठेवण्यात आली.

वचनाचा अर्थ लावताना हा इतिहास उपयोगी पडतो. आपल्यातील फितूर शोधून काढा, अशी आज्ञा या वचनात कोठेही नाही. किंबहुना शेजाऱ्यावर संशय घेत सुटणे म्हणजे वचनातील तिसऱ्या पायरीवरच जाऊन उभे राहणे होय. पुढच्याच दोन वचनांत खोटे संदेष्टे आणि थंडावत जाणारे प्रेम यांचा उल्लेख आहे, तर तेराव्या वचनात शेवटपर्यंत टिकून राहणाऱ्याला तारणाचे आश्वासन आहे.

येशूला तीनदा नाकारणारा पेत्रही अडखळला होता. पण त्याने कोणाला धरून दिले नाही आणि पुढे तोच शिष्यांचा अग्रणी ठरला. अडखळलेल्या माणसाला परतीची वाट असते. ती मोकळी ठेवायची की बंद करायची, हे मात्र उरलेल्यांच्या हाती असते.