छंदी माणसं (भाग ७) : देवळालीचे गणित मास्तर

छंदाचा विषय निघाला की दोन सबबी ठरलेल्या. वेळ नाही आणि पैसा नाही. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्याकडे या दोन्हींचा तुटवडा होता. १९०५ साली डहाणूत जन्मलेला हा माणूस पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकला आणि बीएस्सी झाला. पुढं १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं त्यानं नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तरकी केली. एमएस्सी नाही, पीएचडी नाही. हाताशी कागद, पेन्सिल आणि आकड्यांचं वेड, एवढंच.

त्या वेडाची चव घ्यायची तर पेन्सिल उचला. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या क्रमानं, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तर आलं की त्याचंही तेच. मास्तरांच्या निवृत्तीचं साल, १९६२ घेऊ. ९६२१ वजा १२६९, बाकी ८३५२. आता ८५३२ वजा २३५८, बाकी ६१७४. पुन्हा करा : ७६४१ वजा १४६७, बाकी ६१७४. गाडी इथंच थांबते. कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ वर येता. त्यांचं जन्मसाल १९०५ घेतलं तर पुऱ्या सात लागतात. रविवारी दुपारी करून बघा.

१९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत कापरेकरांनी हे मांडलं. आपल्याकडच्या काही गणितज्ञांना ते पोरखेळ वाटायचं. खरं सांगायचं तर त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. ६१७४ मुळे गणितातलं कुठलं मोठं कोडं सुटलं नाही. पण छंदाकडे असा हिशेब का मागायचा? मास्तर आपले लेख बारीकसारीक नियतकालिकांत देत, नाहीतर पदरमोड करून पुस्तिका छापत. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा कुठं जगाचं लक्ष गेलं. तोवर मास्तर सत्तरीला टेकले होते.

मला मात्र ६१७४ पेक्षा दुसरीच गोष्ट जास्त भावते. छंद म्हणजे रोजच्या कटकटीतून पळवाट, असं आपण धरून चालतो. कापरेकरांचा छंद त्या रोजच्या जगण्यातच मुरलेला होता. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. या जातीच्या संख्यांना त्यांनी नाव दिलं 'डेम्लो'. हे तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवरचं मुंबईपासून तीसेक मैलांवरचं स्टेशन, म्हणजे आजची डोंबिवली. कल्पना तिथं सुचली, म्हणून नाव तिथलं! आपण त्या फलाटावर इंडिकेटरकडे बघत चरफडतो.

निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून ते गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेत. छंदानं चूल पेटत नाही, हे या लेखमालेत लपवायचं कारण नाही. पण याच मास्तरांनी 'स्वयंभू' संख्याही मांडल्या. २१ मध्ये तिचेच अंक, २ आणि १, मिळवले की २४ मिळतात. म्हणजे २१ ही २४ ची जनक. २० ला मात्र असा जनकच नाही. शोधून बघा, सापडणार नाही. अशा संख्यांना त्यांच्या गावावरून 'देवळाली संख्या' असंही म्हणतात. एक अंकी सोडल्या तर पहिली २०, दुसरी ३१. तिसरी वाचकांनी काढावी. उत्तर पुढच्या आठवड्यात.