पाडव्यापूर्वीची आवराआवर आणि तिचा खरा हिशेब

होळीची राख निवली कीं हवेचा नूर पालटतो. पहांटे हवीशी वाटणारी शाल दुपारीं अंगावर नको होते, माठाची आठवण येते आणि गच्चीवर टाकलेलें धुणें तासाभरांत खडखडीत वाळतें. हिवाळाभर खिडक्या लोटून बसलेल्या घरांत उन्हाची तिरीप शिरते, आणि कपाटावरची धूळ, कोपऱ्यांतलीं जळमटें, देवघराच्या वरचा काजळीचा थर, सारें एकदम डोळ्यांत भरतें. फाल्गुन पौर्णिमेपासून चैत्र शुद्ध प्रतिपदेपर्यंतचा हा पंधरवडा घर झाडण्यासाठीं राखून ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे. तिला केवळ सणाचेंच कारण आहे असें नाहीं. ह्या दिवसांत हवा कोरडी, ऊन कडक व पाऊस दूर असतो. वर्षाचें धान्य, डाळी व मसाले अजून भरावयाचे असतात. घर उघडून वाळविण्यास याहून सोयीचा काळ वर्षांत दुसरा नाहीं.

ह्या कामाला पैसा फारसा लागत नाहीं, असें आपण नेहमीं म्हणतों. मीही म्हणत असें. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरीं घडलेल्या एका प्रसंगानंतर तसें म्हणतांना माझी जीभ अडखळते.

आमचें कुटुंब बारा माणसांचें. मामंजी, सासूबाई, थोरले भावोजी व जाऊबाई, आम्ही उभयतां, धाकटे भावोजी आणि पांच मुलें. त्या वर्षीं घरझाड चार दिवसांत उरकावयाची असें ठरलें. तें कोणीं ठरविलें, हें कोणी विचारलें नाहीं. रंगारी नकोत, बाहेरचीं माणसें नकोत, नवे पडदे नकोत. जाऊबाईंनीं पदर खोंचला व मी त्यांच्या हाताखालीं राबलें. पाडव्याच्या आदल्या रात्रीं घर लखलखीत झालें. मामंजींनीं खर्चाची वही उघडली. बेरीज इतकी लहान होती कीं, त्यांनीं ती दोनदां वाचून दाखविली व सर्वांनीं माना डोलविल्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं माळ्यावर शेवटचें पातेलें ठेवतांना जाऊबाई स्टुलावरून घसरल्या आणि त्यांच्या उजव्या मनगटाचें हाड मोडलें. गुढी उभारली गेली. परंतु पानें मांडलीं तेव्हां त्या दवाखान्यांत होत्या. दीड महिना हात प्लॅस्टरमध्यें राहिला. महिनाअखेर औषधपाण्याचा खर्च वहींत लिहितांना मामंजी थांबले, मागचें पान उलटून ती लहानशी बेरीज त्यांनीं पुन्हां पाहिली व मला म्हणाले, "सूनबाई, हा हिशेब त्याच दिवशीं चुकला होता. आपण सामान मोजलें; माणूस मोजलाच नाहीं."

पुढच्या वर्षापासून आमची पद्धत बदलली. तींत खर्च वाढला नाहीं. उलट कांहींसा घटलाच. म्हणून ती येथें सविस्तर सांगतें.

कामाची वांटणी

पहिली गोष्ट म्हणजे चार दिवसांचें काम पंधरा दिवसांवर पसरलें. रोज एकच जागा, आणि तीही दीड-दोन तासांत संपेल एवढीच. रंगपंचमी होईपर्यंत जिना, गॅलरी व न्हाणीघर यांस हात लावावयाचा नाहीं. मुलें रंगून येतात आणि केलेलें काम वायां जातें. ते पहिले दिवस पांघरुणें, कपाटें व पुस्तकें यांना द्यावेत. घरांत कोणाची दहावी-बारावीची परीक्षा असेल, तर त्याची खोली सर्वांच्या शेवटीं.

सासूबाईंनीं यादी सांगितली, मुलींनीं ती लिहून स्वयंपाकघराच्या दारावर डकविली आणि प्रत्येक कामापुढें एकेक नांव घातलें. माळा, पंखे व जळमटें हीं उंचावरचीं कामें पुरुषांकडे. तीं पक्क्या शिडीवरून, दुसऱ्यानें शिडी धरली असतांनाच करावयाचीं. पुस्तकें व कागदपत्रें मामंजींकडे, देवांचीं उपकरणीं सासूबाईंकडे, आणि दप्तरें, बूट, खेळणीं ज्याचीं त्याच्याकडे. थोरल्या भावोजींनीं पहिल्या दिवशीं फरशी ओल्या फडक्यानें पुसून घेतली व मग जळमटें काढलीं. साऱ्या धुळीचा चिखल झाला आणि मुलांना हंसण्यास विषय मिळाला. त्या दिवसापासून आमच्या यादीच्या डोक्यावर एक सूत्र कायमचें लिहिलेलें असतें : आधीं वरचें, मग खालचें, आधीं कोरडें, मग ओलें, आधीं आंतलें, मग दाराकडचें.

आमच्याकडे कामास येणाऱ्या मावशींना ह्या पंधरवड्यांत जादा काम सांगितलें, तर त्याचे पैसे आधीं ठरवून वहींत लिहितों. दुसऱ्याच्या पाठीवर केलेल्या बचतीस काटकसर म्हणतां येत नाहीं.

ऊन व पांघरुणें

फाल्गुनांतलें ऊन फुकट मिळतें, त्याचा उपयोग आधीं करावा. गाद्या, उशा व रजया ओळीनें दोन-तीन दिवस गच्चीवर टाकाव्यात, दुपारीं उलटाव्यात व तेथेंच काठीनें झोडपाव्यात. घरांतल्या धुळींत डोळ्यांस न दिसणारे माइट नांवाचे किडे असतात. त्यांच्यामुळें दम्याच्या माणसास त्रास होतो. हे किडे हवेंतील ओलाव्यावर जगतात, म्हणून अंथरूण कोरडें ठेवणें हाच त्यांच्यावर मोठा उपाय होय. चादरी व अभ्रे यांना साठ अंश सेल्सियस इतकें गरम पाणी मिळाल्यास ते मरतात. ढेकूण झाले असतील तर मात्र केवळ उन्हावर विसंबूं नये. ते शिवणींत व पलंगाच्या फटींत दडतात, तेथें उकळतें पाणी जपून ओतावें.

लोंकरीचे कपडे धुतल्यावांचून पेटींत ठेवूं नयेत. कसरीच्या अळीला घाम व अन्नाचे डाग लागलेली लोंकर अधिक आवडते. लोंकर व रेशीम हे प्राणिज धागे आहेत. सोड्यासारख्या क्षारानें ते कमजोर होतात. त्यांस रिठाच बरा. रिठ्याचीं टरफलें पाण्यांत उकळून गाळावींत, पाणी कोमट होऊं द्यावें, त्यांत कपडा हलक्या हातानें दाबून धुवावा व न पिळतां सावलींत आडवा वाळवावा. पेटींत कडुनिंबाचा पाला घालावयाचा तर तो पूर्ण वाळलेला असावा. ओल्या पाल्यानें बुरशी येते.

पुस्तकांना व पोथ्यांना मात्र कडक ऊन दाखवूं नये. कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. तीं सावलींत, वाऱ्यावर उघडून ठेवावींत व मऊ कुंच्यानें झाडावींत.

भिंती आणि फरशी

ज्यांच्या भिंती अजून चुन्याच्या आहेत त्यांनीं रंगाचा खर्च करूं नये. कळीचा चुना विरवून, गाळून, त्यांत थोडी खळ व चिमूटभर नीळ घालून दिलेला हात पुष्कळ पुरतो. विरलेला चुना हवेंतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हां चुनखडीसारखा कठीण होतो. म्हणून तो पातळ द्यावा, वाळूं द्यावा आणि मग दुसरा हात द्यावा. कळी विरवितांना पाणी उकळूं लागतें, तेव्हां मुलांना दूर ठेवावें. डोळ्यांत शिंतोडा गेल्यास स्वच्छ पाण्याची धार बराच वेळ धरून लागलीच डॉक्टरांकडे जावें. तैलरंगाच्या भिंतीवर चुना धरत नाहीं. ती भिंत साबणाच्या सौम्य पाण्यानें पुसावी, व तीही खालून वर. वरून खालीं हा आपला नियम येथें उलटा करावा लागतो, कारण कोरड्या मळक्या भिंतीवर ओघळ उतरले कीं त्यांचे पट्टे पडतात.

फरशीच्या बाबतींत एक चूक घरोघरीं होते. शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड आहे, व संगमरवरही त्याच जातीचा. लिंबू, चिंच, व्हिनेगर अथवा संडासांत वापरावयाचें आम्ल त्यावर पडलें कीं दगड झिजतो व त्याची चकाकी जाते. तिला साधें साबणाचें पाणी पुरे.

स्वयंपाकघर व कोठी

तेलकट चिकटा काढण्यास महाग द्रावणें लागत नाहींत. गरम पाण्यांत धुण्याचा सोडा विरघळवून, हातांत मोजे घालून, ओटा व जाळ्या पुसाव्यात. ॲल्युमिनियमच्या भांड्यांस मात्र हा सोडा लावूं नये, तीं काळवंडतात. तांब्या-पितळेच्या भांड्यांना चिंच व मीठ लावून लगेच धुवावें व कोरडें पुसावें. आंतली कल्हई उडाली असेल तर भांडें बाजूला काढून कल्हईवाल्याची वाट पाहावी. उघड्या तांब्या-पितळेंत आंबट पदार्थ कळकतो व तो पोटास घातक असतो.

कोठी नवें धान्य येण्यापूर्वींच रिकामी व्हावी. डबे व पिंपें धुवून दोन दिवस उन्हांत उपडीं घालावींत. धान्य वाळवून पूर्ण निवल्यावर भरावें. गरम धान्य झांकलें कीं आंत पाणी सुटतें व किडीला निमंत्रण मिळतें. डाळींना एरंडेलाचा हात लावण्याची जुनी रीत चांगली आहे. तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची पद्धत मात्र सोडावी. ती पोटांत जाण्याची वस्तु नव्हे.

कोठीमागचीं उंदरांचीं बिळें ह्याच वेळीं बुजवावींत. १८९६ सालीं मुंबईस व पुढें पुण्यास प्लेग आला, तेव्हां घरें रिकामीं करून भिंतींवर जंतुनाशकांचा व चुन्याचा मारा झाला. उंदरांच्या अंगावरील पिसवा हा रोग माणसापर्यंत आणतात, हें पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८९८ सालीं कराची येथें प्रयोगानें दाखविलें, आणि तें सर्वमान्य होण्यास आणखी कांहीं वर्षें गेलीं. कारण ठाऊक नसलें कीं कष्ट केवढे वायां जातात, याचें हें मोठें उदाहरण आहे. आपल्या लहानशा घरालाही तोच न्याय लागूं आहे.

तीन गोष्टी विसरूं नयेत

एक, ब्लीचिंग पावडर किंवा तिचें द्रावण आणि संडासांतील आम्ल हीं कधींही एकत्र करूं नयेत. त्यांतून क्लोरीन वायु निघतो. बंद न्हाणीघरांत तो जिवावर बेतूं शकतो. दोन, डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले कपडे वारा दिल्यावांचून व धुतल्यावांचून तान्ह्या मुलास घालूं नयेत. कांहीं मुलांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पी-डी नांवाचा घटक जन्मतः कमी असतो; त्या वासानेंही त्यांच्या तांबड्या पेशी फुटूं लागतात. तीन, माळ्यावरचा कूलर खालीं काढल्यावर त्याची टाकी नुसती विसळूं नये, ब्रशानें घांसावी. डेंग्यू पसरविणाऱ्या डासाचीं अंडीं कडेला चिकटून असतात व कोरड्या टाकींतही तीं कित्येक महिने जगतात.

जमेची बाजू

आवराआवरीला जमेची बाजूही असते. रद्दी, भंगार व रिकाम्या बाटल्या विकून आलेल्या पैशांत आमचा सोडा, साबण, रिठे आणि नवी केरसुणी निघते. जुने कपडे गरजूंना देण्याजोगे असतील ते देतों, उरलेल्यांवर बोहारणीकडून एखादें पातेलें मिळतें, व सुती जुन्या साड्यांची गोधडी होते. घराला नवेपणा येण्यास नवें सामानच हवें असें नाहीं. पडदे धुवून एका खोलींतले दुसऱ्या खोलींत लावले, पलंगाची दिशा बदलली आणि खिडकीपाशीं अडलेलें कपाट बाजूला सारलें, तरी घर ओळखूं येत नाहीं.

असो. आमच्या वहींत आतां एक नवा रकाना आहे. कोणत्या कामास कोणाचे किती तास गेले, तें मुलें त्यांत लिहितात. पहिल्या वर्षीं त्या रकान्यांत जाऊबाईंचा व माझाच आंकडा मोठा होता. तो पाहून धाकटे भावोजी कांहीं न बोलतां उठले व त्यांनीं पंखे पुसावयास घेतले. दरवर्षीं तो आंकडा थोडाथोडा खालीं येत आहे. गेल्या पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर सर्वांनीं कडुनिंबाचीं कोंवळीं पानें व गूळ घेतला, आणि पहिल्या पंगतीला सासूबाईंनीं जाऊबाईंना आपल्या शेजारीं बसविलें. वाढावयास भावोजी होते. श्रीखंड थोडें सांडलें, पण फरशी स्वच्छ होती.

वाचक भगिनींनीं यंदा यादी करतांना कामांपुढें नांवें घालावींत, आणि वाचक बंधूंनीं त्या यादींत आपलें नांव शोधावें, एवढीच विनंती.