स्कॅन झाले, वाचणार कोण?

हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय 2 सप्टेंबर 2025 रोजी निघाला, मराठा आरक्षणासाठीचे आझाद मैदानावरचे उपोषण सुटले आणि चर्चा पुन्हा आरक्षणाच्या गणिताकडे वळली. त्या गणितावर भरपूर लिहून आले आहे. त्यामागचा एक प्रश्न मात्र मागेच राहिला. नांदेड आणि लातूरच्या रेकॉर्ड रूममधले निजामकाळातले कागद वाचणार कोण? कपाटातला कागद संगणकात गेला म्हणजे महसूल खात्याला त्यातला मजकूर कळला, असे होत नाही. मजकूर कळायला लिपी येणारा माणूस लागतो, आणि ही माणसे आपण गेल्या चाळीस वर्षांत जवळजवळ गमावली आहेत.

मराठा कुटुंबांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती सप्टेंबर 2023 मध्ये नेमली गेली. पुढच्याच महिन्याच्या अखेरीस तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी आकडे दिले: सुमारे 1 कोटी 72 लाख कागद तपासले, त्यात 11,530 ठिकाणी कुणबी नोंद सापडली. नंतर शोध राज्यभर झाला, आकडे वाढत गेले. पण हे पहिले दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. एवढा प्रचंड ढीग उपसला गेला तो एका शब्दासाठी. ज्या कागदांत तो शब्द नव्हता, त्यांतही कुळांची नावे, वारसांच्या नोंदी, विहिरी, पिके, इनामे आहेत. मराठवाड्यातल्या गावांचा शंभर वर्षांचा लेखी इतिहास तिथे आहे. एवढे हात लागलेच आहेत, तर प्रत्येक कागदाचे गाव, साल, प्रकार आणि लिपी नोंदवून कायमची सूची तयार झाली पाहिजे. नाहीतर उद्या दुसऱ्या कुठल्या समाजाचा, जमिनीचा किंवा वारसाचा प्रश्न उभा राहील आणि तेच बस्ते पुन्हा पहिल्यापासून सोडावे लागतील.

उर्दू येते, तरी वाचता येत नाही

हैदराबाद संस्थानात 1880 च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली आणि महसुलाचा कारभार उर्दूत चालू लागला. गावपातळीच्या कागदांत मोडीही भेटते. आज नांदेड, कंधार, देगलूर, उदगीर इथे उर्दू जाणणारी माणसे पुष्कळ आहेत. पण छापील उर्दू वर्तमानपत्र वाचणे वेगळे आणि कचेरीतले घाईचे शिकस्ता हस्ताक्षर वाचणे वेगळे. शिकस्ता लिहिताना कारकून नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गाळतो. ‘कुणबी’ हा शब्द उर्दूत लिहिला तर त्यातले ‘न’ आणि ‘ब’ हे दोन दात सारखेच दिसतात. एकाचा ठिपका वर, दुसऱ्याचा खाली, एवढाच फरक. ठिपकेच नसतील तर शब्द ओळखायचा तो आजूबाजूच्या मजकुरावरून आणि सवयीने.

आकड्यांची अडचण तर याहून मोठी. जुन्या हिशेबात नेहमीच्या अंकांऐवजी अनेकदा ‘रकम’, म्हणजे सियाक पद्धतीची चिन्हे असतात. ती आज उर्दू शाळेत शिकवत नाहीत. सन फसली असतो. त्यात साधारण 590 मिळवावे लागतात, म्हणजे फसली 1350 हे 1940-41 होते. जहागिरी रद्द करणारा 1949 चा कायदादेखील ‘1358 फसली’ या सालानेच ओळखला जातो. सेतवार कशाला म्हणायचे, मुंतखब म्हणजे काय, जहागिरीच्या गावाचे दप्तर कुणाकडे असायचे, हे ज्ञान कोणत्याही नियमपुस्तिकेत सलग मांडलेले नाही. ते पेशकार आणि कारकुनांच्या डोक्यात होते. हैदराबादवरच्या पोलिस कारवाईच्या वर्षी, 1948 साली, विशीत असलेला कारकून 1986 च्या सुमारास निवृत्त झाला. सातबारा संगणकावर येईपर्यंत ती पिढी कचेरीबाहेर पडली होती. जपानी अभ्यासक इकुजिरो नोनाका यांनी आयुष्यभर हेच सांगितले: संस्थेचे मोलाचे ज्ञान बरेचसे माणसांच्या सवयीत असते आणि ते सोबत काम करूनच पुढच्याकडे जाते. आपल्याकडे ते पुढे गेले नाही.

कागद कोणत्या जिल्ह्यात?

लातूर जिल्हा 16 ऑगस्ट 1982 रोजी उस्मानाबादमधून (आजच्या धाराशिवमधून) वेगळा झाला. त्याआधी, 1956 पर्यंत, उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे बिदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबादमध्ये होते. म्हणजे उदगीरच्या एखाद्या कुटुंबाच्या पणजोबांची नोंद लातूर, धाराशिव, बिदर किंवा हैदराबाद यांपैकी कुठेही निघू शकते. आणि यांतली दोन ठिकाणे आज दुसऱ्या राज्यांत आहेत. गावांची नावेही बदलली. अंबाजोगाई जुन्या कागदात मोमिनाबाद म्हणून येते. नव्या निर्णयाने गावपातळीवर ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांच्या समितीवर चौकशीचा भार टाकला आहे. या तिघांच्या हाती जुन्या-नव्या सीमांचा साधा तक्ता तरी असायला नको का? कर्नाटकाने 2024 मध्ये ‘भू सुरक्षा’ नावाने तालुक्यांच्या रेकॉर्ड रूम स्कॅन करायला घेतल्या. बिदरच्या कागदांसाठी त्या राज्याशी थेट करार करण्याची हीच वेळ आहे.

यंत्र हे काम करील, असे सांगणारे भेटतात. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी 2025 मध्ये मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी प्रणाली मांडली, ती खरोखर कौतुकाची गोष्ट आहे. पण यंत्राला शिकवायला आधी माणसाने अचूक वाचलेले हजारो नमुने लागतात. नांदेडच्या शिकस्ता उर्दूचे आणि सियाकचे नमुने कोण वाचून देणार? शिवाय चुकलेल्या एका ठिपक्यावर एखाद्या मुलाचा प्रवेश अडणार असेल, तर शेवटची सही माणसाचीच हवी.

आता करायचे काय

नांदेडमध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग चालवते. त्याच धर्तीवर महसुली उर्दूचा, रकम आणि फसली सनासह, प्रमाणपत्र वर्ग नांदेड आणि उदगीरला सुरू व्हावा. शिकवायला जुन्या कचेऱ्यांत काम केलेले जे थोडे लोक उरले आहेत त्यांना मानधन देऊन बोलवावे आणि त्यांचे वाचन ध्वनिमुद्रित करावे. मराठा कुटुंबाच्या पुराव्याचा कागद उर्दू शाळेतले गुरुजी वाचून देतील, यात मला या प्रदेशाचा खरा वारसा दिसतो.

दुसरी गोष्ट उघडेपणाची. कागद भाषांतरित आणि डिजिटल करून लोकांसाठी खुले करू, असे सरकारने 2023 मध्येच सांगितले होते. ते गावनिहाय व्हावे: मूळ प्रतिमा, शेजारी देवनागरी वाचन, वाचणाऱ्याचे नाव आणि हरकत घेण्याची सोय. वाचन चुकीचे असेल तर गावातलाच कुणीतरी ते दाखवून देईल. दलालाच्या हाती नक्कल काढण्याचे काम जाते ते सूची बंद असल्यामुळे.

समितीची मुदत कधीतरी संपेल, आंदोलनही शमेल. त्यानंतर प्रत्येक तालुक्यात जुना कागद वाचू शकणारी दोन माणसे आणि सर्वांना उघडी असलेली एक सूची उरली, तर या सगळ्या शोधातून मराठवाड्याला काहीतरी टिकाऊ मिळाले असे म्हणता येईल. त्यासाठीची तरतूद नांदेड आणि लातूरच्या लोकप्रतिनिधींनी येत्या अर्थसंकल्पातच मागितली पाहिजे.