जरा थांबा, गाडी विचार करते आहे!

आमच्या मामंजींनी उभी हयात फियाट चालवली. पुढे तिचे नाव पद्मिनी झाले, पण मामंजींच्या तोंडी ती अखेरपर्यंत फियाटच राहिली. मला गाडी शिकवली तीही त्यांनीच, आणि त्याच गाडीवर. त्यामुळे आजही मी स्टिअरिंगवर आणि ते शेजारी बसले की वळणावळणाला त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जातो. त्या बाजूला दाबायला काही नाही हे त्यांना ठाऊक आहे. पण गेल्या जानेवारीत असा एक प्रसंग आला की माझ्या पायाखाली पॅडल होते, ते मी दाबलेही होते, आणि तरीही उपयोग झाला नाही. ही हकिगत त्याची आहे.

चिपळूणला वन्संच्या नव्या घराची वास्तुशांत होती. पुढे मी आणि मामंजी, मागे सासूबाई, आमची सातवीतली कन्या आणि बुंदीच्या लाडवांचा डबा, अशा थाटात आम्ही पुण्याहून निघालो. घरचे यजमान मुंबईहून रेल्वेने परस्पर येणार होते. कऱ्हाड सोडले. गळिताचा हंगाम ऐन भरात होता. मल्हारपेठच्या अलीकडे दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर पुढे आला. त्या बाजूला हंगामात ज्यांनी गाडी हाकली आहे त्यांना हे प्रकरण काय असते ते सांगायला नको. ऊस दोन्ही अंगांनी हात हात बाहेर आलेला, मागचे दिवे त्यात बुडालेले आणि ट्रॅक्टरवरचे गाणे पंचक्रोशीला ऐकू जाणारे! दोनेक किलोमीटर आम्ही त्या गाण्याच्या मागून रांगत गेलो. मग रस्ता सरळ झाला. समोरून एस.टी. येत होती, पण चांगली लांब होती. मी आरशात पाहिले, दिवा दाखवला, गाडी उजवीकडे काढली आणि पॅडल पार तळाला टेकवले.

गाडी हललीच नाही. म्हणजे होती त्याच चालीने चालत राहिली. कोणी क्लच दाबून धरावा तशी तिची ओढच नाहीशी झाली. इकडे एस.टी. भराभर मोठी होऊ लागली. मग एक गचका बसला, इंजिन ओरडले आणि गाडी अशी सुटली की लाडवांचा डबा सासूबाईंच्या मांडीवर आला. एस.टी.च्या चालकाने दिवे मारले, ब्रेक दाबला आणि आपली बस कडेच्या मातीत उतरवली. म्हणून आम्ही आज आहोत. त्या भल्या माणसाचे नाव मला कळले नाही. या पानावरून त्याला हात जोडते.

पाटण येईपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही. चहा पुढे आला तेव्हा मामंजी म्हणाले, "सूनबाई, तू गाडीला हुकूम दिलास. तिने तो अर्ज म्हणून दाखल करून घेतला."

मागाहून मी हिशेब केला. ताशी ६० किलोमीटरने येणारी बस सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे येते. आमच्या गाडीने दीड सेकंद विचारात घालवला असे धरले, तर तेवढ्यात बस २५ मीटर जवळ आली. म्हणजे दोन बशी एकीमागे एक उभ्या कराव्यात एवढे अंतर.

गाडी जिथून घेतली तिथे ती नेऊन दाखवली. त्यांनी तिला संगणक जोडला, दोन मिनिटे पाहिले आणि "मॅडम, काही दोष नाही, आजकाल सगळ्या गाड्या अशाच" असे सांगून धुऊन परत दिली. गाडी स्वच्छ झाली, एवढे मान्य केले पाहिजे. शेवटी मामंजींच्या फियाटची उस्तवार करणारे शनिवार पेठेतले जुने मिस्त्री आठवले. त्यांचे गॅरेज आता मुलगा पाहतो, पण म्हातारा अजून स्टुलावर बसलेला असतो. बापलेकांनी मिळून मला जे सांगितले ते कोणत्याही माहितीपत्रकात मला सापडले नव्हते.

जुन्या गाडीत पायाखालच्या पॅडलपासून इंजिनापर्यंत तार किंवा सळ्यांची जोडणी असे. पाय जितका दाबावा तितकी आतली झडप उघडे, हवा आत शिरे आणि हवेबरोबर पेट्रोल ओढले जाई. पाय आणि इंजिन यांचे नाते सरळ होते. आताच्या गाडीत ती तारच नाही. पॅडलच्या बुडाशी दोन सेन्सर बसवलेले असतात. पाय किती दाबला गेला हे दोघेही विजेच्या भाषेत, वेगवेगळे, इंजिनाच्या संगणकाला कळवतात. पुष्कळ गाड्यांत एकाचा आकडा दुसऱ्याच्या निम्मा ठेवलेला असतो, म्हणजे कोणी खोटी साक्ष दिली तर लगेच उघडकीस यावी. साक्षी जुळल्या नाहीत तर संगणक दोघांवरही विश्वास ठेवत नाही. तो समोर पिवळा दिवा लावतो आणि गाडीला घरापर्यंत कशीबशी पोचण्यापुरतेच बळ देतो. साक्षी जुळल्या, तर झडप किती उघडायची ते तो ठरवतो आणि एक छोटी विजेची मोटर ती उघडते. 'तो ठरवतो' हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत.

ही युक्ती विमानांत चांगली रुजलेली. १९८७ साली पहिले उड्डाण केलेल्या एअरबस ए-३२० या प्रवासी विमानात वैमानिकाचा हात आणि पंखांवरच्या झडपा यांच्यामध्ये संगणक बसला. त्याच दशकाच्या अखेरीस बीएमडब्ल्यूने आपल्या बारा सिलिंडरांच्या मोठ्या गाडीला विजेचे ॲक्सिलरेटर दिले. श्रीमंताघरचे हे चोचले पुढे आपल्यासारख्यांच्या दारात आले ते मुख्यतः धुरामुळे. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण सांभाळले तरच धुराड्यातला शुद्धीकरणाचा डबा नीट काम करतो. चालकाने एकदम पाय आपटला की हवा आधी धावते आणि प्रमाण बिघडते. म्हणून संगणक पायाचे सगळेच ऐकत नाही, झडप बेताबेताने उघडतो. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचे नियम आले आणि ही शिस्त आणखी कडक झाली. पाय काढल्यावरही कित्येक गाड्यांचे इंजिन क्षणभर घोंघावत राहते, त्यामागेही पुष्कळदा हेच कारण असते. शिवाय गचके बसू नयेत, चाक घसरले तर ओढ आपोआप कमी व्हावी, हीही कामे त्याच्याकडेच.

"म्हणजे तार काढली तिथेच घात झाला," मामंजी म्हणाले. पण थोरले मिस्त्री त्यांचे जुने स्नेही. ते म्हणाले, "साहेब, तुमच्या फियाटची पिचकारी विसरलात?" आणि मग मामंजींना कबूल करावे लागले. पॅडल एकदम दाबले की हलकी हवा पुढे पळे आणि जड पेट्रोल मागे राही. म्हणून कार्बुरेटरमध्ये एक चिमुकला पंप असे. तो दाबासरशी पेट्रोलची धार मारी. तो पंप झिजला की फियाटही ऐन चौकात गचके खात उभी राही, आणि मामंजी तिला जे बोलत ते दिवाळी अंकात छापण्यासारखे नाही. मुंबईत या पद्मिनीची शेवटची काळीपिवळी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. त्या बातमीचे कात्रण आमच्या घरी जपून ठेवलेले आहे. पिचकारीचा उल्लेख त्यात नाही.

तार निर्दोष असल्याचा दुसरा पुरावा आमच्याच सोसायटीत मिळाला. वरच्या मजल्यावरच्यांनी विजेवर चालणारी गाडी घेतली आहे. तिचेही पॅडल तारेविना, सेन्सरचेच. तरी पाय टेकवताच ती अशी झेपावते की मामंजींची टोपी मागच्या सीटवर गेली! तेव्हा निरोप जायला वेळ लागत नाही हे उघड आहे. झडप उघडणाऱ्या मोटरलाही सेकंदाचा दहावा भाग, फार तर त्याहून थोडा अधिक, पुरतो. आमचा दीड सेकंद मग गेला कुठे?

धाकट्या मिस्त्रींनी तो मला बोटांवर मोजून दाखवला. आमची गाडी तीन सिलिंडरांची, टर्बो बसवलेली आणि आपोआप गिअर बदलणारी. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो जादा हवा आत कोंबतो. इंजिन मंद फिरत असेल तर धूर थोडा, धूर थोडा म्हणून पंखा सुस्त, आणि पंख्याने वेग घेईपर्यंत वाट पाहणे आले. (डिझेलवाल्यांनी हसू नये. त्यांच्या पॅडलने हवेऐवजी डिझेलचे माप ठरते, पण टर्बोची वाट त्यांनाही पाहावी लागते.) त्याहून मोठा वाटा गिअरचा. आमच्या गाडीत क्लच आणि गिअर तेच जुने, फक्त ते दाबायला-बदलायला माणसाऐवजी यंत्र आहे. मी एकदम पाय आपटला तेव्हा संगणकाला वाटले, बाईंना खालचा गिअर हवा. त्याने क्लच सोडवला, गिअर बदलला, क्लच पुन्हा लावला. तेवढा वेळ इंजिनाचा आणि चाकांचा संबंधच नव्हता. मी जितके जोरात पाय दाबीत होते तितकी ही उठाठेव पक्की होत होती. हे ऐकले आणि मल्हारपेठचा तो रिकामा क्षण मला पुन्हा पायात जाणवला.

आमच्या धाकट्या भाऊजींनी यावर एक डबी सुचवली. त्यांच्या गाडीला ती आहे. पॅडल आणि संगणक यांच्यामध्ये ती बसते आणि पाय चार आणे दाबला असेल तर "आठ आणे दाबला" असे पुढे सांगते. मी ती गाडी चालवून पाहिली. पहिल्या दहा मिनिटांत मी खूष झाले. लक्ष्मी रोडच्या गर्दीत मात्र गाडी बेडकासारखी चालू लागली. शिवाय पाय तळाला टेकल्यावर सोळा आण्यांच्या वर सांगायला डबीपाशी काही उरत नाही. टर्बो आणि गिअर यांचा वेळ ती कमी करीत नाही, इंजिनाला एक अश्वशक्तीही वाढवून देत नाही, आणि तारा मध्येच जोडल्यामुळे वॉरंटीचा वाद उभा राहू शकतो तो निराळाच. माझे मत विचाराल तर घेऊ नका. भाऊजी हा अंक वाचतात, तरी लिहिते.

उपाय निघाले ते साधे. गिअरचा दांडा बाजूला ओढला की आमच्या गाडीत गिअर आपल्या हाती येतात. चार वर्षे ती सोय मी वापरलीच नव्हती! आता पुढच्या गाडीच्या मागे असतानाच मी खालचा गिअर घेऊन ठेवते. इंजिन जरा जोरात फिरत राहते, पंखा जागा असतो, आणि मग पाय आपटावा लागत नाही, हळूहळू दाबत नेला तरी ओढ लगेच येते. घाटात आणि ओव्हरटेकच्या वेळी 'इको'चे बटण बंद ठेवते, कारण ते चालू असले की तेवढ्याच पायाला झडप कमी उघडते. डावा पाय ब्रेकवर विसावू देत नाही. दोन्ही पॅडले एकदम दाबली गेली की कित्येक गाड्यांचा संगणक ब्रेकचे ऐकतो आणि रेस कापतो, आणि चालक म्हणतो पिकअप नाही.

पायपोसाचेही सांगायला हवे. अमेरिकेत २००९-१० साली टोयोटाच्या गाड्या आपोआप धावत सुटतात अशा तक्रारींचे काहूर उठले आणि लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या. विजेच्या ॲक्सिलरेटरवर संशय होता. तपास नासाच्या अभियंत्यांकडे गेला. फेब्रुवारी २०११ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षात तसा इलेक्ट्रॉनिक दोष आढळला नव्हता. अडकणारे पायपोस आणि चिकटणारी पॅडले ही कारणे आधीच पुढे आली होती. ओक्लाहोमातल्या एका ज्युरीने मात्र २०१३ साली कंपनीविरुद्ध कौल दिला. आम्ही घरी येऊन आमचा पायपोस उचलला. सासूबाईंनी हौसेने त्यावर आणखी एक जाड पायपोस घातला होता, आणि त्यामुळे पॅडल तळापर्यंत जातच नव्हते. तो आता देवघरासमोर आहे.

आणि गाडी आधी नीट ओढत होती, आता ओढत नाही, असे असेल तर ते निराळे दुखणे. हवेची जाळी धुळीने भरते, इंजिनातल्या तेलकट वाफेने झडपेच्या कडेला काळा थर धरतो. तो साफ करता येतो, पण चावी चालू असताना झडपेत बोट घालू नये. मोटर एकदम फिरली तर बोट जायचे. सफाईनंतर काही गाड्यांत संगणकाला झडपेची नवी जागा शिकवावी लागते, म्हणून हे काम मिस्त्रीकडेच बरे. आणि पिवळा दिवा लागला असेल तर घरगुती उपाय करीत बसू नये.

मार्चअखेरीस वन्संकडे पुन्हा जाणे झाले. हंगाम सरत आला होता, तरी मल्हारपेठच्या पुढे ट्रॅक्टर भेटलाच. तोच असेल असे कन्येचे म्हणणे, गाण्यावरून. मी दांडा बाजूला घेतला, दुसरा गिअर टाकला आणि रस्ता दिसेल इतके अंतर ठेवून मागे राहिले. सरळ पट्टा आला. समोर लांबवर एस.टी. दिसली. गेले असते तर बहुधा निघून गेले असते. मी गेले नाही. बस पुढे आली, शेजारून गेली, धूळ खाली बसली, मग मी पाय दाबत नेला आणि गाडी दोन्ही ट्रॉल्या मागे टाकून आपल्या बाजूला आली. मामंजी काही बोलले नाहीत. त्यांचा उजवा पाय मात्र तेवढ्या वेळात तीनदा दाबला गेला, तो मी मोजला.