केसभर सरकणारा टेलस्टॉक

जुलैतली गोष्ट. टेबलावर मावणाऱ्या लहानशा लेथवर शिसवी लाटणं कातत होतो. लाकूड फिरता फिरता एकाएकी आवाज बदलला. बंद करून पाहिलं तर लाटण्याच्या शेवटाला टेकलेलं टोक सैल झालेलं. चाक फिरवून आवळलं, दोन मिनिटांत पुन्हा तेच. मग टेलस्टॉकच्या पायाशी बेडवर पेन्सिलीची बारीक रेघ मारली आणि लेथ बंद ठेवूनच चाक आवळत गेलो. डोळ्यांदेखत तो बिडाचा जड ठोकळा रेघेपासून मागे सरला. केसभरच, पण सरला.

लेथवर लाकूड दोन टोकांमध्ये धरलेलं असतं. डावीकडचा हेडस्टॉक त्याला फिरवतो, उजवीकडचा टेलस्टॉक त्याला टेकू देतो. लाकडाची लांबी पाहून टेलस्टॉक बेडवर, म्हणजे दोन्हींखालच्या आडव्या रुळावर, पुढेमागे सरकवायचा, बाजूचा दांडा ओढून जखडायचा आणि मागचं चाक फिरवून टोक लाकडात रुतवायचं. रोजचं काम, हात आपोआप करतो. पण त्या चाकात किती बळ आहे याचा हिशेब मांडला आणि मी थक्क झालो.

समजा चाक 10 सेंटिमीटर व्यासाचं आहे, म्हणजे परीघ सुमारे 314 मिलिमीटर. एका फेरीत टोक 2 मिलिमीटर पुढे जातं. जोर 157 पट झाला! आट्यांच्या घर्षणात त्यातला बराच वाया जातो हे धरलं, तरी हाताच्या 5 किलोंचे टोकाशी दीडदोनशे किलो सहज होतात. आणि टोक लाकडाला जेवढं रेटतं, तेवढंच लाकूड टेलस्टॉकला मागे रेटतं.

या रेट्याला अडवायला खिळा नाही, दाते नाहीत. बेडच्या वर टेलस्टॉकचा तळ, बेडच्या खाली बोल्टला लटकलेली एक लोखंडी पट्टी, आणि या दोघांनी मिळून बेडला घेतलेला चिमटा. सगळी भिस्त घर्षणावर. कोरड्या लोखंडावर ते चिमट्याच्या जोराच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं भरतं. वरखाली अशा दोन जागा धरल्या, तर 200 किलो थोपवायला चिमटा 500 किलोंचा हवा. मधे तेल शिरलं की घर्षण निम्म्यावर येऊ शकतं, आणि तेच काम करायला 1000 किलो लागतात.

आणि तेल मीच लावलं होतं. पावसाळ्यात बीड गंजतं म्हणून बेडला सढळ हातानं चोपडलं होतं. ते ओघळून खालच्या बाजूला पोचलं, वर भुसा बसला.

टेलस्टॉक बेडवरून काढून उलटा केला. खालच्या पट्टीवर फक्त दोन कोपरे घासून चकाकत होते, बाकी सगळा रंग शाबूत. म्हणजे एवढी मोठी पट्टी दोन ठिपक्यांवर उभी होती. घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हे आमाँताँ या फ्रेंच संशोधकानं 1699 मध्ये मांडलं. मग दोन ठिपके का पुरू नयेत? कारण अशी पट्टी तिरपी होते, डुगडुगते, आणि दांड्याचा जोर तिला वाकवण्यातच खर्ची पडतो. सपाट काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर ठेवून ती घासली, बेडच्या पोटाखालचे ओतकामाचे खडे कानशीनं काढले, सगळं टर्पेंटाईननं पुसलं.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. दांड्याला जोडलेला कॅम म्हणजे केंद्र थोडं बाजूला सरकवलेला गोल. हे केंद्र 3 मिलिमीटरनं सरकलेलं असेल, तर दांडा 90 अंश फिरताना पहिल्या 30 अंशांत पट्टी दीड मिलिमीटर वर ओढली जाते आणि शेवटच्या 30 अंशांत जेमतेम 0.4. जिथे चाल कमी, तिथे बळ जास्त. म्हणून पट्टीनं बेडला पकडायचं ते या शेवटच्या टप्प्यात. खालचा नट जास्त आवळलेला असेल, तर दांडा अर्ध्यातच अडतो. हाताला घट्ट लागतो, पण पकड कच्चीच राहते. सैल असेल, तर दांडा शेवटाला पोचूनही पट्टी लोंबतच राहते. दीड मिलिमीटर आट्याच्या बोल्टवर नटाचा पाव फेरा म्हणजे पावणेचार दशांश मिलिमीटर, जवळजवळ तो अख्खा शेवटचा टप्पा! एवढ्याशा फरकावर शेकडो किलोंची पकड तोललेली असते.

पायानं चालणाऱ्या जुन्या युरोपीय लेथवर टेलस्टॉकच्या जागचा खांब बेडखाली लाकडी पाचर ठोकून जखडत. पाचर अजूनही गेलेली नाही. कॅम म्हणजे वर्तुळाभोवती गुंडाळलेली पाचर, चाकामागचा स्क्रू म्हणजे सळईभोवती गुंडाळलेली. टोकाची शेपटी ज्या निमुळत्या भोकात बसते तो मोर्स टेपरही पाचरच, 1860 च्या दशकातला. त्याचा उतार 20 ला 1 इतका मंद, की शेपटी नुसती दाबून बसवली तरी आपणहून सुटत नाही.

तुमच्या लेथचा टेलस्टॉक सरकत असेल तर चाक आणखी आवळू नका. त्यानं तो जास्तच मागे जाईल. प्लग काढा, टेलस्टॉक उलटा करा, पट्टी कुठे चकाकते ते पाहा. पुसा, घासा, नट पाव पाव फेऱ्यानं लावा, आणि दर खेपेला पेन्सिलीच्या रेघेवर तपासा. माझ्या बेडवरची रेघ अजून तशीच आहे, आणि टेलस्टॉक तिला चिकटून आहे.