असं का होतं? : बादलीत वाकलेलं बाळ बाहेर का येऊ शकत नाही?

छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी कित्येक दिवसांच्या खंडाने येतं, जायकवाडी धरणाचा नाथसागर जलाशय भरलेला असला तरी. म्हणून न्हाणीघरात, जिन्याखाली ड्रम आणि बादल्या काठोकाठ. मोठ्यांना ही श्रीमंती. रांगत्या बाळाला चकाकणारं खेळणं.

जन्मतः बाळाचं डोकं शरीराच्या लांबीच्या जवळपास चौथा हिस्सा असतं, मोठ्यांचं साधारण आठवा. त्यामुळे अंगाचा भार वर, छातीकडे. दांड्यावर उभा केलेला हातोडा जरा कलला की आडवा होतो, तसंच हे. काठ धरून उभं राहिलेलं बाळ पाण्यातला मग घ्यायला वाकलं की तोल आत जातो. पाय जमिनीवरून सुटतात, आणि उलटं अंग वर ढकलण्याइतकं बळ दंडांत नसतं.

बादली कलंडेल? नाही. २० लिटरची बादली अर्धी भरली तरी पाणीच १० किलो, म्हणजे वर्षाच्या बाळाएवढं. आरडाओरडाही नाही, कारण नाक-तोंड बुडल्यावर ओरडायला हवाच मिळत नाही.

टेबलाच्या कोपऱ्यांना फोम लावणारे पालक ड्रमवर मात्र नुसती फळी ठेवतात, हे मला चमत्कारिक वाटतं. सैल झाकण हात टेकताच सरकतं. आट्यांचं झाकण हवं, न्हाणीघराला बाहेरून वरची कडी, रिकामी बादली पालथी. फरशी पुसायच्या बादलीकडे तर आधी बघा. ती खोलीच्या मधोमध असते.