बदनामीचे बिल कोणाच्या नावावर?

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, हे आमच्या गावात शाळकरी पोरही सांगेल. त्या गोळ्यांचा एक पडसाद पुढे लंडनच्या कोर्टात उमटला, हे मात्र फारसे कोणाला आठवत नाही. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते. तरीही व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने १९१० साली आपल्या पुस्तकात या खुनाशी टिळकांच्या लिखाणाचे नाते जोडले. टिळकांनी बदनामीचा दावा लावला, त्यासाठी १९१८ मध्ये विलायत गाठली आणि १९१९ च्या फेब्रुवारीत ते हरले. दोन्ही बाजूंचा खर्च अंगावर आला. तो लाखोंच्या घरात होता. लोकांनी वर्गणी काढून तो भार उचलला. ज्याने रुपया टाकला त्याला तो कशासाठी टाकतो आहे हे माहीत होते.

आज अशा खर्चाचा वाटा आपल्याला न विचारता आपल्या माथी येऊ शकतो. कसा ते पाहा. २००८ साली एका इंग्रजी वृत्तवाहिनीने भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत चुकून निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे छायाचित्र दाखवले. २०११ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने १०० कोटींच्या भरपाईचा निकाल दिला. वाहिनी अपिलात गेली. तेव्हा उच्च न्यायालयाने २० कोटी रोख आणि ८० कोटींची बँक गॅरंटी मागितली.

आता कल्पना करा, एखाद्या कंपनीने एवढी रक्कम भरली आणि धंद्याचा खर्च म्हणून नफ्यातून वजा केली. कराचा दर सुमारे २५ टक्के धरला तर २५ कोटींचा कर वाचला. म्हणजे तेवढे सरकारी तिजोरीने सोसले. असा खर्च मान्य होतो का? ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने १९३२ सालीच एका वृत्तपत्राच्या बाबतीत ‘होतो’ असे म्हटले आहे. आपल्याकडे गुन्ह्यासाठी केलेला खर्च वजा होत नाही; पण दिवाणी भरपाई म्हणजे दंड नव्हे, असा युक्तिवाद करायला वकिलांना भरपूर जागा उरते.

२०२४ च्या वित्त कायद्याने काही कायद्यांखालच्या तडजोडीच्या रकमा वजा करण्यास मनाई केली. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या यादीत सेबी, रोखे करार, डिपॉझिटरी आणि स्पर्धा असे चार कायदे आहेत. बदनामी त्यात नाही. माझ्या मते ती घालावी. यावर कोणी म्हणेल की तालुक्याचे साप्ताहिक मरेल. बँकेत असताना अशा साप्ताहिकांचे ताळेबंद मी पुष्कळ पाहिले. त्यात नफाच नसे, मग वजावट कशातून घेणार? ही सवलत फक्त गब्बरांच्या उपयोगाची.

भरपाई घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. अमेरिकेत १९९६ पासून शारीरिक इजेची भरपाईच करमुक्त आहे, अब्रूच्या भरपाईवर कर लागतो. मला हे पटत नाही. कर्जाचे मुद्दल परत आले तर आम्ही बँकवाले ते उत्पन्नात धरत नाही. माणसाची गेलेली अब्रूही त्याचे मुद्दलच. आपल्याकडे अशी वैयक्तिक भरपाई उत्पन्न न मानण्याचा कल आहे, पण कायद्यात तसे स्पष्ट शब्द नाहीत. ते एका ओळीत घालावेत. निकालाला वर्षे लागून वर व्याज मिळाले तर त्यावर कर खुशाल घ्यावा.